चार ठोक्यांची रात्र

दिवाळी सरून गोदाकाठी थंडी पडू लागली, की आमच्या नाशकात दोन हंगाम एकदम उभे राहतात. छाटणी झालेल्या द्राक्षवेलींना घड दिसू लागतात, हा एक. आणि गंगापूर रोडच्या दुतर्फा रात्रीच्या नाचाचे फलक दिसू लागतात, हा दुसरा. फलकावर एखाद्या क्लबाचे नाव, एक तारीख, दोन-तीन 'डीजे' मंडळींनी स्वतःला घेतलेली टोपणनावे आणि खाली तिकिटाचा दर, एवढाच मजकूर. काय वाजणार आहे ह्याचा पत्ता नाही. ख्यालाच्या मैफलीच्या पत्रिकेवर तरी राग कुठे छापलेला असतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ख्याल ऐकून परत आलेला माणूस काय ऐकले ह्याबद्दल चार शब्द बोलू शकतो. ते शब्द आधीच्या पिढ्यांनी त्याच्यासाठी घडवून ठेवलेले असतात. ह्या रात्रींबद्दल मराठीत चार शब्द बोलण्याची सोयच अजून झालेली नाही. वर्तमानपत्रात त्या दोनच जागी आढळतात: जाहिरातीच्या पानावर, नाहीतर पोलिसांच्या बातम्यांत.

नवकाव्य आले तेव्हा निदान भांडण तरी झाले. इथे भांडणही नाही. सुला द्राक्षमळ्याने नाशिकच्या वेशीवर आपला संगीतोत्सव सुरू केला तो २००८ साली. त्याच्या एकच वर्ष आधी, २००७ साली, गोव्यात 'सनबर्न' सुरू झाला, आणि २०१६ ते २०१८ ही तीन वर्षे तो पुण्याजवळ भरला. म्हणजे ह्या संगीताला आपल्या दारात येऊन पंधरा वर्षे उलटून गेली. आमच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेली मुले हे संगीत अंगाने ऐकतात, आणि जाणते लोक त्याबद्दल गप्प बसतात. ह्या मौनाचा अर्थ मुले तुच्छता असा घेतात, आणि तो बरोबर घेतात.

तेव्हा आधी हे आहे तरी काय, ते पाहू. ह्या संगीताच्या मुळाशी चार मात्रांचे एक आवर्तन असते. प्रत्येक मात्रेवर खर्जातला एक ठोका, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास, आणि हा ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही. वर झांजेसारखे काहीतरी दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत वाजते. खाली मंद्र स्वरांचा एक तुकडा फिरत राहतो. आठ, सोळा, बत्तीस मात्रा झाल्या की काहीतरी एक वस्तू आत येते किंवा बाहेर जाते. वाजवणारा स्वतः काही वाजवत नाही असा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, तो अर्धाच खरा आहे. त्याच्यापुढे तयार मुद्रणे असतात हे खरे. पण एक मुद्रण संपत असताना दुसरे त्याच्या पोटातून असे उगवले पाहिजे, की नाचणाऱ्याच्या पायाला सांधा लागू नये. त्यासाठी तो एका कानाने पुढचे ऐकतो आणि दुसऱ्या कानाने चालू असलेले, दोघांची लय जुळवतो, एकाचा खर्ज काढून घेतो आणि दुसऱ्याचा हलकेच सोडतो. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जातो तेव्हा जाणता श्रोता जे पाहतो, तेच इथे पाहायचे: सांधा दिसला की नाही. ह्या कलेची समीक्षा करायची तर ती गाण्यांची नव्हे, सांध्यांची करावी लागेल.

वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त (१९६१) घराण्यांची जी मांडणी केली, तिच्यात स्वर आणि लय ही दोन टोके आहेत. किराणा स्वराच्या टोकाकडे झुकलेले, आग्रा लयीच्या टोकाकडे. ती पट्टी हातात घेतली तर हे नवे संगीत आग्र्याच्याही पलीकडे, जवळजवळ पट्टीच्या बाहेर जाऊन बसते असे प्रथम वाटते. परंतु जरा थांबून ऐकले, की एक गमतीची गोष्ट लक्षात येते. आग्र्याच्या लयीत गवई लयीशी खेळतो, तिला चकवतो, आड जातो आणि समेवर परत येतो. इथे लयीशी खेळच नाही. लय जमिनीसारखी खाली पसरलेली आहे, आणि खेळ चालला आहे तो आवाजाच्या पोताशी: तो जाड होतो, पातळ होतो, पाण्याखालून आल्यासारखा दबतो, मग उघडतो. म्हणजे ज्याला आपण लयप्रधान संगीत म्हणून नाके मुरडतो, ते वस्तुतः नादप्रधान आहे. लय ही त्यात तंबोऱ्याचे काम करते. हे एकदा पटले की ऐकण्याची जागाच बदलते.

मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर ह्या संगीतात संवादलय उदंड आहे. प्रश्न आहे तो विरोधाचा. विरोध आणायचा ह्यांचा ठरलेला मार्ग म्हणजे 'ड्रॉप'. काही आवर्तने खर्ज काढून घ्यायचा, वरच्या ठोक्यांची गर्दी दुप्पट, चौपट करत न्यायची, क्षणभर सगळे थांबवायचे आणि मग समेवर खर्ज दाणकन परत सोडायचा. हजार माणसे एकदम उडी मारतात. ह्यात आनंद नाही असे कोण म्हणेल? तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा मैफलीत 'वाहवा' उठते ती त्याच जातीची. मात्र फरक आहे, आणि तो मोठा आहे. तिहाईत श्रोता मनाशी मोजत असतो. सम येईल की हुकेल ह्याची त्याला धाकधूक असते. ड्रॉपमध्ये मोजायला काही उरलेलेच नसते. समेची निमंत्रणपत्रिका छापून घरोघर वाटल्यावर समेवर पोचण्यात कसले आले आहे कौतुक! त्यातून मोठ्या उत्सवात एकेकाला तासभराचा वेळ, त्यामुळे दर तीन-चार मिनिटांनी एक उडी. ह्या कलेचा सर्वांत मोठा दोष माझ्या मते हाच आहे. गोंगाट हा दोष त्यानंतरचा.

पुनरुक्तीचा आक्षेप मात्र मला टिकणारा वाटत नाही. तेच तेच काय ऐकायचे, असे म्हणणाऱ्यांनी निदान नाशकात तरी ते म्हणू नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात ह्याच गावी रामनाम-आधाराश्रम काढला. ख्यालाच्या सगळ्या वाटा पायाखालून गेलेला माणूस अखेरीस एका नामाच्या धुनीपाशी येऊन थांबला. नामसप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. तिथे आपल्याला कंटाळा येत नाही, कारण तिथे आपण 'ऐकायला' बसलेलोच नसतो. क्लबातला नाच आणि नामसप्ताह एकच आहेत, असा ह्याचा अर्थ नव्हे. एकाच्या मागे श्रद्धा आहे आणि दुसऱ्याच्या मागे, पुष्कळदा, मद्याचा पेला. पण पुनरुक्तीने माणसाच्या मनाचे काय होते हे आपल्या परंपरेला पाश्चात्त्यांच्या आधीपासून ठाऊक आहे, एवढे खास.

यंत्राबद्दलही असेच. १९४० साली ह्या देशाच्या नभोवाणीने पेटीला बंदी केली आणि ती तीस वर्षे चालवली. पेटी परदेशी, पेटी यांत्रिक, पेटीत मींड नाही. आज पेटीवाचून नाट्यपदाची कल्पना करून पाहा. आणि रियाजाच्या खोल्यांतून आज जो तंबोरा झंकारतो तो कित्येक ठिकाणी विजेचाच असतो. त्याबद्दल कोणी सुतक पाळलेले दिसत नाही. शिवाय यंत्रातून कला काढण्याचे वेड ह्या जिल्ह्याला नवे नाही. त्र्यंबकच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९१३ साली आपला सिनेमाचा संसार मुंबईहून नाशकातच आणला होता.

ह्या यंत्रांचा इतिहास मोठा रंजक आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली ताल वाजवणारे एक यंत्र काढले, आणि १९८१ साली मंद्र स्वर वाजवणारे दुसरे. हेतू इतकाच, की साथीदार न मिळणाऱ्या वादकाला घरबसल्या साथ मिळावी. दोन्ही यंत्रांचा आवाज खऱ्या वाद्यासारखा येईना, म्हणून दोन्ही बाजारात पडली आणि दोन-तीन वर्षांत त्यांचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ती मातीमोलाने विकली जाऊ लागली तेव्हा शिकागोतल्या काळ्या पोरांनी ती उचलली. तिथे 'वेअरहाउस' नावाचा एक क्लब १९७७पासून चालत असे. फ्रँकी नकल्स नावाचा वादक तिथे रात्ररात्र मुद्रणे जोडी. ज्यांना गोऱ्यांच्या आणि सोवळ्यांच्या जगात नाचायला जागा नव्हती असे लोक तिथे येत. त्या क्लबाच्या नावावरूनच 'हाउस' हे ह्या संगीताचे नाव पडले. १९८७ साली तिथल्याच तिघांनी त्या टाकून दिलेल्या मंद्र यंत्राच्या कळा भलत्याच पिळून एक मुद्रण काढले, आणि एक नवा पंथच सुरू झाला.

पण त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, ही दोन्ही यंत्रे मुंबईत एका माणसाच्या टेबलावर होती! चरणजितसिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे गृहस्थ. त्यांनी ह्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. ती कोणी विकत घेतली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाच्या खटपटीने ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडच्या लोकांनी डोळे चोळले. २०१५ साली चरणजितसिंग वारले. त्या आधीची चार-पाच वर्षे त्यांना जी कीर्ती लाभली ती सारी परकीय होती.

ही तबकडी लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे, आणि तिच्याबद्दल जे अद्भुतरम्य बोलले जाते त्यापेक्षा ती वेगळी आहे. भैरव असो की यमन, राग सांभाळलेला आहे. चुकीचा स्वर लागत नाही. खाली यंत्राचा मंद्र तुकडा षड्जाभोवती घोटाळत राहतो आणि वर सुरावट सरळ धावत सुटते. पण आलाप नाही, ठहराव नाही. यमनातला निषाद थांबून पाहावा असा असतो. इथे तो गाडीच्या खिडकीतून दिसलेल्या स्टेशनासारखा मागे पडतो. तरीसुद्धा ही तबकडी मोठी आहे, कारण तिच्यात ड्रॉप नाही. समेची दवंडी नाही. पाच मिनिटे एकाच उंचीवर चालायचे आणि थांबायचे. हे धैर्य आजच्या उत्सवी वादकात मला क्वचित दिसते. आपल्याकडे चांगले समीक्षक असते तर ही तबकडी अठ्ठावीस वर्षे परदेशी माणसाची वाट पाहत बसली नसती.

आता आपल्या गल्लीत येऊ. मराठी माणसाला विजेचा ठेका सनबर्नने शिकवला ही समजूत खोटी आहे. त्याच रोलँड कंपनीने १९८५ साली 'ऑक्टापॅड' काढला. आठ रबरी चौकोन, काठीने मारायचे. तो आमच्या बेंजो पार्ट्यांनी आणि ऑर्केस्ट्रांनी हां हां म्हणता आपला केला. लग्नाच्या वरातीत बेंजोच्या तारेखाली विजेचा ढोल गेली कित्येक वर्षे वाजतो आहे. पुढे बेंजो गेला, हातगाडी गेली, ट्रक आला आणि ट्रकवर डीजे आला.

आणि इथे भाषेने एक चमत्कार केला आहे, तो कादंबरीकाराच्या नजरेतून सुटू नये. इंग्रजीत डीजे म्हणजे माणूस: तबकड्या वाजवणारा. मराठीत डीजे म्हणजे यंत्र. 'डीजे आला', 'डीजे लावला', 'डीजेची भिंत उभी केली', 'डीजे जप्त झाला'. माणूस जप्त होत नाही! मागे लॅपटॉपवर बसलेला पोरगा आमच्या बोलीने नाहीसा करून टाकला. उरली ती कर्ण्यांची भिंत. गंगापूर रोडच्या फलकावरचा डीजे मात्र माणूसच आहे. त्याला नाव आहे, छायाचित्र आहे, मानधन आहे. एकाच शहरात, एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोहोंच्या मधून वाहते ती गोदावरी नव्हे, पैसा.

ह्या दोन जगांच्या मधे आमचा ढोल उभा आहे. 'नाशिक ढोल' हे नाव आता गावाचे राहिलेले नाही. केरळात उत्सवाला आणि लग्नाला पोरे जो 'नासिक ढोल' वाजवतात, त्यातल्या कित्येकांनी नाशिक नकाशावरही पाहिले नसेल. विजेच्या वाद्यांत ह्या नावाचे तयार ठेके भरलेले असतात; कळ दाबली की नाशिक वाजते. ज्याने वाकडी बारवेपासून गोदाघाटापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुकीत खरा ढोल ऐकला आहे त्याला ह्यात काय हरवले ते लगेच कळेल. एका हाताचे टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप ह्यांच्यात केसाइतका फरक पडतो. पन्नास ढोलांत तो पन्नास तऱ्हांनी पडतो, आणि त्या फरकानेच आवाजाला अंग येते. यंत्रातला ढोल पन्नास वेळा तोच एक ढोल असतो. पण उलट बाजूही आहे. 'न्यूक्लिया' ह्या नावाने वाजवणाऱ्या उद्यान सागरने २०१५ साली आपला 'बास रानी' हा संग्रह मुंबईत गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत, ट्रकवर उभे राहून लोकांपुढे आणला. क्लबाचा माणूस गल्लीत उतरला, आणि गल्लीचा आवाज घेऊन पुन्हा क्लबात गेला. त्याच्या वाजवण्यात नजाकत कमी आहे, फार कमी. पण वरातीच्या त्या कर्कश पिपाणीला लाजायचे कारण नाही हे त्याने उच्चभ्रू पोरांना शिकवले. हे काम आमच्या एकाही संगीतसमीक्षकाने केलेले नाही.

राहिला शब्द. लेखक म्हणून मला सर्वांत जास्त काळजी शब्दाची होती. ह्या संगीतात शब्द आला तरी तो ठेक्याचा गुलाम म्हणून येणार, अर्थ गळून पडणार, अशी. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस ह्या जोडीचे 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस हॉलंडच्या 'स्पिनिन' कंपनीने काढले आणि ते देशोदेशी वाजले. मराठी वर्तमानपत्रांना अभिमानाचे भरते आले. अभिमानाचा भाग सोडून देऊ. मुख्य गोष्ट ही, की त्या दोन शब्दांत जे घडते ते कानाने पाहण्यासारखे आहे. दोन्ही शब्द तीन अक्षरी, पहिले अक्षर दीर्घ आणि ओठ मिटून येणाऱ्या अनुनासिकाकडे झुकणारे, शेवटी दोन्हीकडे 'डी'. हा 'ड' म्हणजे ताशावरची काठीच. हिंदी शब्द ह्या ठेक्यावर तरंगतो, मराठी शब्द ठेक्यात रुततो. ट, ड, ण, ळ ही आमची खडबडीत दौलत. भावगीताने ती पन्नास वर्षे लोण्यात घोळवून गुळगुळीत केली होती. ती इथे पुन्हा दात दाखवते. मास्तर वर्गाबाहेर गेले की बाकावर जे बडवले जाते आणि त्यावर जी निरर्थक कवने रचली जातात, त्या परंपरेतले हे गाणे आहे, आणि ती परंपरा लहान नव्हे. अर्थ गळून पडला आहे हे खरे. पण बडबडगीतात तरी अर्थ कुठे असतो? मला रुखरुख लागते ती निराळीच. हा विनोदाचा शब्द झाला. दुःखाचा, विरहाचा, भीतीचा मराठी शब्द ह्या चार ठोक्यांवर कोणी ठेवून पाहणार आहे की नाही? शिकागोच्या त्या मूळ हाउसमध्ये चर्चमधला आक्रोश होता. नाचता नाचता माणसे रडत. आमच्याकडे गोंधळ्याच्या संबळात तो आहे. सप्तशृंगीच्या पायथ्याशी एखाद्या रात्री उभे राहिले तर अंगावर काटा येतो. मराठी हाउस अजून फक्त हसते.

आवाजाचा प्रश्न टाळता येणार नाही. हे संगीत हळू वाजवले तर ते दुसरेच काहीतरी होते; खर्ज छातीत लागला पाहिजे ही त्याची अटच आहे. आणि इथे कायदा आडवा येतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. नियम योग्यच आहेत; ज्याच्या घरात आजारी म्हातारे माणूस आहे त्याने डीजेच्या भिंतीसमोर रात्र काढून पाहावी. पण ह्याच नियमांत बंदिस्त जागेला मोकळीक आहे. म्हणजे ज्याला चार भिंती आणि आवाज अडवणारे अस्तर परवडते त्याची रात्र लांबते. ज्याच्याजवळ फक्त कर्ण्यांची भिंत आहे त्याची दहाला संपते. आमचे सुशिक्षित लोक पहिल्याला 'नाइट लाइफ' म्हणतात आणि दुसऱ्याला 'धिंगाणा'. ठेका तोच, पुष्कळदा मुद्रणही तेच. ज्याला दुसऱ्यात कानठळ्या दिसतात त्याने पहिल्यातही त्या पाहाव्यात. तिथे नाचणाऱ्यांचे कान काही वेगळ्या मातीचे नसतात.

ह्या जिल्ह्याच्या पश्चिमेला हाच प्रश्न फार जुन्या काळी सोडवलेला आहे. भात कापून झाले की पेठ-सुरगाण्याकडे पावरी वाजू लागते आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याकडे तारपा. तारपेवाला मधे, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. भोपळ्यात भरलेला श्वास तो तुटू देत नाही. त्याने चाल बदलली की पाय बदलतात, पायांना थकवा आला की तो चाल बदलतो. कोण कोणाला नाचवतो हे सांगता येत नाही. रात्र सरते. ह्यात एकही ड्रॉप नाही, आणि विजेचा एकही दिवा नाही. आमच्या क्लबात डीजे उंच ओट्यावर असतो, सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे आणि हात वर, हातात दूरध्वनी. तो लोकांचे पाय पाहतच नाही. दिव्यांच्या झोतात त्याला ते दिसणेही शक्य नाही. त्याला पाऊण तास मिळालेला असतो आणि मागे पुढचा माणूस उभा असतो.

म्हणून क्लबवाल्यांपाशी माझे एकच मागणे आहे. येत्या हंगामात कोणीतरी फलकावर तीन नावांऐवजी एकच नाव छापावे, त्याला ओट्यावरून खाली नाचणाऱ्यांच्या मधे उतरवावे, आणि चार-पाच तास द्यावेत. पहिला तास त्याने ड्रॉप घेऊ नये अशी अट घालावी. मग सांधे कसे लागतात ते पाहता येईल, आणि त्यावर सविस्तर लिहिताही येईल. तिकीट काढून येणाऱ्यांत प्रस्तुत लेखक असेल, मागच्या भिंतीपाशी, कानात कापसाचे बोळे घालून.